संपणाऱ्या कंपन्या

उत्पन्न वाढलं म्हणून एखाद्याच्या घशाखाली घास उतरेनासा झाला, असं तुम्ही ऐकलंय का? सांगलीच्या शशिकांतराव मगदूमांचं तसं झालं. २०४१ सालच्या ऑगस्टची एक तारीख. समोर उप्पिटाची ताटली होती आणि भिंतीवरच्या 'निरंतर' यंत्रानं आपल्या गोड आवाजात सांगितलं, "नमस्कार, पद्मजाताई. या महिन्याच्या लाभांशाचे एक लाख एकोणचाळीस हजार रुपये जमा झाले आहेत."

मागच्या महिन्यापर्यंत हा आकडा एक लाख बारा हजार होता.

"बरं झालं," पद्मजाबाई म्हणाल्या. "जिन्यावरचा पत्रा बदलून घेऊ."

"थांब जरा. वाढले कशाला?"

"वाढले ते वाढले. कमी झाले असते तर विचारायचं."

"बाजार पडलाय. कमी झाले असते तर विचारलंच नसतं," शशिकांतराव म्हणाले आणि त्यांनी ताटली बाजूला सारली.

माणूस पहिल्यापासून संशयी होता असं नाही, नोकरीनं केला. सत्तावीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. हळदीच्या वखारी, सोनारांच्या पेढ्या, पेट्रोलपंप, सगळीकडे काटे तपासत फिरले. तळाला भोक पाडून शिसं काढून घेतलेली वजनं त्यांनी पकडली, पारड्याखाली चिकटवलेली चिंच पकडली. जो दुकानदार निरीक्षकाला पाहून आधी चहा मागवतो त्याचा काटा आधी तपासावा, हा त्यांचा नियम होता, आणि तो क्वचितच चुकला. फुकट झुकणाऱ्या पारड्यावर त्यांचा विश्वास नव्हता, मग ते स्वतःच्या बाजूला का झुकलेलं असेना.

त्यात हे पारडं घरचं होतं. जुन्या पेन्शनची गाडी त्यांची वर्षभरानं चुकली होती. निवृत्तीला जी एकरकमी पुंजी हातात आली, ती सगळी त्यांनी शेअर्समध्ये घातली, आणि सगळे शेअर्स पद्मजाबाईंच्या एकटीच्या नावावर घेतले. वडील गेल्यावर आईनं वारसदाखल्यासाठी तीन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेले त्यांनी पाहिले होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे पद्मजेला कोणाच्या दारात उभं राहायला लागू नये, एवढा एकच हिशोब त्यामागे होता.

त्या काळातल्या बाजाराविषयी थोडं सांगायला हवं. शेअर्सची खरेदी-विक्री एव्हाना माणसांच्या हातून जवळजवळ गेलीच होती. यंत्रं यंत्रांना विकत होती, यंत्रं यंत्रांकडून घेत होती. एखाद्या मंगळवारी बाजार दुपारपर्यंत नऊ टक्के पडायचा, बुधवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहा टक्के चढायचा, आणि का, हे कोणालाच सांगता यायचं नाही. अशा बाजारात शेअर विकून घर चालवायचं म्हणजे पुरात उभं राहून पाणी भरण्यासारखं. म्हणून म्हातारी माणसं लाभांशाला धरून राहिली. भाव कितीही नाचो, कंपनीनं खरोखर माल विकून नफा कमावला तरच ती लाभांश वाटते. ती रोकड असते. कोणत्या कंपन्या घ्यायच्या, कोणत्या सोडायच्या, हे मात्र माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. ते काम 'निरंतर' करायचं. टीव्हीशेजारी भिंतीवर बसवलेली पांढरी तबकडी, पुरणपोळीएवढी.

शशिकांतरावांनी चष्मा लावून यादी काढली.

पद्मजाबाईंनी कंपन्यांना जावांसारखी नावं ठेवली होती. पंपवाली, रंगवाली, बिस्किटवाली. यांतली कुठलीच फार देणारी नव्हती, पण दरवर्षी थोडं थोडं वाढवून द्यायची. पंपवालीनं तर एकोणीस वर्षांत एकदाही हात आखडला नव्हता. आता पाहतात तो पंपवाली विकलेली, बिस्किटवालीही विकलेली. त्यांच्या जागी तीन नव्या. एका टोलरस्त्याचा ट्रस्ट, एक कोळशाची खाण आणि मधुमेहावरच्या एकाच औषधावर जगणारी एक कंपनी. तिघी भरभरून देणाऱ्या.

शशिकांतराव बारीक अक्षरं वाचणारे गृहस्थ. त्यांनी वाचली. रस्त्याचा करार मार्च २०४७ मध्ये संपत होता, त्यानंतर रस्ता सरकारचा. खाणीत साडेपाच वर्षांचा कोळसा उरला होता. औषधाचं पेटंट २०४६ अखेर संपत होतं.

"हिनं सगळं संपणारंच घेतलंय," ते म्हणाले.

"कोणी?"

"ह्या तबकडीनं. आज ह्या कंपन्या भांडवलच मोडून वाटतायत, नि सहा वर्षांनी शिल्लक राहणार शून्य. मग तू खाणार काय? तू काही बोललीस का हिच्याशी?"

"मी कुठं बोलते? तिला बसवायला माणूस आला तेव्हाही मी गच्चीवर पापडात होते. तुमचं तुम्हीच बोलत असता तिच्याशी."

ते तबकडीकडे वळले. "पंपवाली का विकलीस?"

"ही खरेदी-विक्री खातेदाराच्या क्षितिजानुसार आहे, पद्मजाताई."

खातं बायकोच्या नावावर, म्हणून यंत्र तिचंच नाव घेतं, याची शशिकांतरावांना सवय होती. गॅसवालाही फोनवर त्यांना पद्मजा मॅडमच म्हणायचा.

"कसलं क्षितिज?"

"तो आकडा सांगण्याची मला कायद्यानं परवानगी नाही."

सत्तावीस वर्षांत शशिकांतरावांनी पुष्कळ लबाड पाहिले होते, पण लपवतोय हे तोंडावर सांगणारा पहिल्यांदाच भेटला.

*

'निरंतर' त्यांना सुकुमार उपाध्येनं विकलं होतं. वखारभागात दुसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस. शशिकांतराव जिना चढले, मधल्या वळणावर थांबून एका दंतवैद्याची पाटी त्यांनी नीट वाचली, आणि मग वर गेले.

"कुणाचं कमिशन आहे ह्यात?" बसायच्या आतच त्यांनी विचारलं.

"कमिशन कुठलं ओ साहेब," सुकुमार हसला. "यंत्राला काय पोटबीट असतंय? बघू यादी."

यादी पाहता पाहता त्याचं हसू ओसरलं. त्यानं बेल वाजवली. "चहा घेणार न्हवं?"

शशिकांतरावांच्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. "चहा नको. बोल."

"त्याचं असंय," सुकुमार अडखळला, "माणसाला पैसा किती वर्षं पुरवायचाय ह्यावर सगळं ठरतंय. तीस वर्षं पुरवायचा तर हळूहळू वाढवून देणारी कंपनी पाहिजे. पाच-सहा वर्षंच पुरवायचा असला तर जी आज भरपूर देते ती. मागनं संपली तर संपू दे, कारण तवर..."

"तवर काय?"

सुकुमारनं खिडकीबाहेर पाहिलं. "साहेब, वहिनींची तब्येत बरी आहे न्हवं?"

मग त्यानं सगळं सांगितलं. विकताना सांगायला हवं होतं ते.

त्या तबकडीत, आपोआप उघडणाऱ्या दारांना असतो तसला एक छोटा रडार होता. माणूस खोलीत आला की त्याच्या छातीची हालचाल तो कपड्यांवरून टिपायचा. श्वास किती खोल, नाडी किती नेमानं, खुर्चीतून उठायला किती क्षण लागले, बोलताना दोन शब्दांत किती दम घेतला. एकेक गोष्ट क्षुल्लक. पण लाखो माणसांच्या अशा वीस वर्षांच्या नोंदी यंत्राला शिकवल्या होत्या, आणि त्या माणसांपैकी कोण कधी गेलं, हेही. त्यावरून ते आजार ओळखत नव्हतं, फक्त एक आकडा काढत होतं. हा माणूस साधारण आणखी किती वर्षं. त्यालाच क्षितिज म्हणायचं. हा आकडा माणसाला सांगणं म्हणजे निदान करणं, आणि निदान करायचं ते डॉक्टरनं, असा निकाल मध्यंतरी लागला होता. तेव्हा यंत्रानं त्या आकड्यावर पैसे फिरवावेत, पण तोंडानं बोलू नये, असा कायदा झाला. कायदा करणाऱ्यांना एवढं सुचलं नाही की यादी वाचता येणाऱ्या माणसाला ती यादीच सगळं सांगेल.

"बरोबर निघतं का हे?" शशिकांतरावांनी विचारलं. आवाज आपलाच आहे असं त्यांना वाटेना.

"हजार माणसांचा हिशोब बरोबर येतोय. एकाचं म्हणाल तर सांगाय येत नाही."

जिना उतरताना शशिकांतरावांना भीती वाटली. पैशाचा विचार त्यांच्या मनात उरलाच नव्हता.

*

पुढचे पंधरा दिवस त्यांनी स्वतःच्या बायकोवर पाळत ठेवली.

पद्मजाबाई खोकल्या की त्यांचे कान टवकारायचे. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या की हे घड्याळ बघायचे. एक दिवस त्यांनी कपाटावरचा वजनकाटा खाली काढला, त्यावर पाच-पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या ठेवून तो आधी खरा आहे का पाहिला, आणि म्हणाले, "जरा उभी राहा गं ह्याच्यावर."

"भाव काढताय की काय माझा?"

"सहज."

"सहज तुम्ही आयुष्यात काही तोललं नाहीत," पद्मजाबाई म्हणाल्या, पण उभ्या राहिल्या. वजन गेल्या वर्षाएवढंच होतं, शंभर ग्रॅम जास्तच. शशिकांतरावांनी काटा झटकून पुन्हा पाहिला.

मग त्यांनी मिरजेच्या एका दवाखान्यात नाव घातलं आणि घरी थाप मारली की तपासण्या निम्म्या दरात चालल्यात.

"मग तुमची का नाही?"

"माझी झाली मागं."

"कधी?"

"तू ताईकडं गेलेलीस तेव्हा."

पद्मजाबाईंनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात संशय घेणं त्याही थोडंफार शिकल्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि निघाल्या.

रक्त झालं, छातीचं चित्र झालं, चालत्या पट्ट्यावर पद्मजाबाई साडीचा काचा मारून अकरा मिनिटं चालल्या. डॉक्टरीणबाई कागद चाळून म्हणाल्या, "काका, काळजी कसली करताय? ह्यांचं हृदय पन्नाशीतलं आहे. आई किती वर्षं जगल्या ह्यांच्या?"

"एक्याण्णव," पद्मजाबाई म्हणाल्या. "पडल्या म्हणून, नाहीतर गेल्या नसत्या."

दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. शशिकांतरावांचा संशय मात्र दुप्पट झाला. दोन काटे दोन वजनं दाखवत होते. एक खोटा होता. कोणता, ते काढायचं कसं?

रिक्षात बसल्या बसल्या त्यांना उत्तर सापडलं, आणि ते नोकरीतलंच होतं. संशयित तराजू तपासताना पहिल्यांदा पारडी रिकामी करायची. रिकाम्या पारड्यांनी काटा मध्यावर राहिला पाहिजे. तरीही तो झुकला, तर खोट काट्यात आहे.

पद्मजेला महिनाभर कुठेतरी धाडायचं. ती घरात नसताना यंत्राला तोलायला काही उरणार नाही. तरीही त्यानं खरेदी-विक्री चालू ठेवली, तर ते खोटं आहे, आणि शशिकांतराव त्या तबकडीला ग्राहक मंचात खेचणार होते.

"पर्युषण पर्वाला यंदा ताईकडं जा की जयसिंगपूरला," ते म्हणाले. "दहा दिवस काय, महिनाभर राहा. किती वर्षांत राहिली नाहीस."

"मला घालवायची घाई झालीय तुम्हाला."

"छे."

"बरं," पद्मजाबाई म्हणाल्या. जाताना त्यांनी आठ दिवसांची चटणी करून ठेवली आणि उंबऱ्यातून एकदा मागे वळून पाहिलं.

*

पहिले चार दिवस तबकडी गप्प होती. काटा मध्यावर होता. शशिकांतराव स्वतःच्या हातचं वरण-भात खात होते आणि तिच्याकडे अधूनमधून, वखारीतल्या गिऱ्हाइकात बसलेल्या साध्या वेशातल्या निरीक्षकासारखे, नजर टाकत होते.

पाचव्या दिवशी वेळ जात नव्हता म्हणून जिन्यावरचा पत्रा त्यांनी स्वतःच काढायला घेतला. दोन पत्रे खाली आणले. तिसऱ्याला जिन्यातच बसले. पायरी गार होती, बरं वाटलं. पुन्हा उठले, पुन्हा बसले. मग पत्रा तिथंच ठेवून घरात आले आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत टेकले.

दुपारी तबकडी बोलली. "नमस्कार, पद्मजाताई. आज रंगांच्या कंपनीचे सर्व शेअर्स विकून खाणीचे घेतले आहेत. पुढच्या महिन्याचं उत्पन्न वाढेल."

"सापडलीस," शशिकांतराव म्हणाले.

ते ताडकन उठले. निदान उठायला गेले. खुर्चीच्या हाताला धरून त्यांना दम घ्यावा लागला, आणि तो घेताघेताच त्यांच्या डोक्यात काहीतरी खटकलं. पद्मजा जयसिंगपूरला. घरात चिटपाखरू नाही. पारडी रिकामी.

पारडी रिकामी नव्हती. ते स्वतः होते घरात.

मी गच्चीवर पापडात होते, असं पद्मजा म्हणाली होती. तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस आता त्यांना लख्ख आठवला. बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, खातेदाराला पाच मिनिटं इथं बसून बोलायला सांगा. वर गल्लीतल्या आठ बायका, सगळ्यांचे हात उडदाच्या पिठात. ते दोन पायऱ्या चढून परत फिरले होते. आवाज म्हणजे कुलपाची किल्ली, असं त्यांना वाटलं होतं, नि घरातली किल्ली नवऱ्याकडं असली तर बिघडलं कुठं? पाच मिनिटं ते स्वतःच बोलले होते. बाजारभाव, हवापाणी. नाव विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं, पद्मजा शशिकांत मगदूम. तेव्हापासून यंत्र त्या आवाजाच्या माणसालाच तोलत होतं. ज्या माणसानं सत्तावीस वर्षांत एका सोनाराची गुंजभर खोट माफ केली नाही, त्यानं बायकोच्या पारड्यात स्वतःला बसवलं होतं आणि विसरूनही गेला होता.

"ऐक," ते तबकडीला हळूच म्हणाले. "मी कोण?"

"आपण पद्मजाताई," ती म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. मनात पहिल्यांदा काय आलं, ते पुढे त्यांना सांगायलाही लाज वाटायची. त्यांना हायसं वाटलं. पद्मजेला काही होणार नव्हतं. मग वखारभागातला जिना आठवला, दंतवैद्याची पाटी आठवली. गेले वर्षभर वाटेतल्या बऱ्याच पाट्या त्यांना पाठ झाल्या होत्या.

आणि मग तिसरी गोष्ट कळली, ती सगळ्यांत वाईट. काटा खरा होता. तो इमानानं तोलत होता. हा माणूस पाच-सहा वर्षांत जाणार, त्याला तेवढ्यापुरतं भरपूर मिळू दे, असं ठरवून त्यानं सगळी पुंजी संपणाऱ्या कंपन्यांत लावली होती. पण पुंजी त्या माणसाची नव्हतीच. पद्मजा चौसष्ट वर्षांची होती आणि तिची आई एक्याण्णव जगली होती. म्हणजे सत्तराव्या वर्षी तिच्या हातात उरणार होतं काय, तर कोळसा संपलेली खाण आणि कोणीच टोल न भरणारा रस्ता. कोणाच्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून केलेली सगळी तजवीज त्यांनी पाच मिनिटांच्या बोलण्यात उलटी करून ठेवली होती.

त्यांनी सुकुमारला फोन लावला.

"बदलता येतंय की," सगळं ऐकून तो म्हणाला. "वहिनींनी स्वतः बसून पाव तास बोलायचं. पण आधी जुन्या आवाजानं कबूल करायला लागतंय, की मी खातेदार नाही म्हणून. वहिनींच्या समोर."

"समोरच?"

"नियम हाय साहेब. नाहीतर कोण बी उठून कुणाचं खातं बदलंल."

नियम म्हटल्यावर शशिकांतरावांनी लगेच जयसिंगपूरला फोन लावला.

*

पद्मजाबाई दुसऱ्याच दिवशी परतल्या. काम आहे, ये, एवढंच त्यांना फोनवर सांगितलं होतं. दारात पिशवी ठेवली तेव्हा नवरा हातात कप घेऊन उभा.

"बस. चहा केलाय."

पद्मजाबाईंनी कपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. बसल्या नाहीत.

"आधी चहा मागवणाऱ्याचा काटा आधी तपासावा, असं कोण म्हणायचं?" त्यांनी विचारलं. "महिनाभर बघतेय. माझं वजन केलंत, मला पट्ट्यावर चालवलंत, ताईकडं धाडलंत. ताई म्हणाली, भाऊजी काहीतरी लपवतायत. मी म्हटलं, मला माहितेय. काय झालंय तुम्हाला?"

"मला झालंय हे तुला कसं कळलं?"

"जिन्यात बसता तुम्ही. मला ऐकू येतं, पावलं मध्येच थांबतात ती."

शशिकांतरावांनी जुळवून ठेवलेली सगळी थाप तिथल्या तिथे विरघळली. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं. रस्ता, खाण, क्षितिज, पापडांचा दिवस.

"म्हणजे महिनाभर," शेवटी त्या म्हणाल्या, "मी मरणार असं समजून तुम्ही एकटेच हिंडत होता?"

"हो."

"मला सांगावंसं वाटलं नाही?"

"कसं सांगणार?"

"आता सांगितलंत तसं." त्या रागावल्या होत्या, आणि घाबरल्या होत्या, आणि आधी कोणतं करावं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, गार झालेला चहा उभ्यानंच प्यायल्या, आणि तबकडीसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"सांगा तिला," त्या म्हणाल्या.

शशिकांतराव तबकडीकडे तोंड करून उभे राहिले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ते पुष्कळदा उभे राहिले होते, पण नेहमी दुसऱ्याचा गुन्हा सांगायला. "मी खातेदार नाही," ते म्हणाले. "खातेदार ही आहे. मी चुकीची नोंद केली."

"नोंद घेतली," तबकडी म्हणाली. "आपलं नाव?"

"पद्मजा शशिकांत मगदूम," पद्मजाबाई म्हणाल्या.

"कृपया पंधरा मिनिटं बोला. विषय कोणताही चालेल."

पद्मजाबाईंना विषयाची वाण नव्हती. त्या नवऱ्याविषयी बोलल्या. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरच्या सोन्याचं वजन सगळ्यांसमोर पुन्हा करणारा हा माणूस, भाजीवालीचं पासंग बघणारा हा माणूस, विचारलं की सगळं बरं आहे म्हणणारा हा माणूस. पंधरा मिनिटांनी तबकडी म्हणाली, "धन्यवाद, पुरेसं आहे."

"माझं झालेलं नाही," पद्मजाबाई म्हणाल्या, आणि आणखी दहा मिनिटं बोलल्या.

*

यंत्राला तिची चाल, तिचा श्वास ओळखायला महिना लागला. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी, नाश्त्याच्या वेळी ते बोललं. "नमस्कार, पद्मजाताई. रस्ता, खाण आणि औषध कंपनीचे शेअर्स विकले आहेत. पंपांच्या, रंगांच्या आणि बिस्किटांच्या कंपन्या परत घेतल्या आहेत. या महिन्यापासून आपलं उत्पन्न सत्त्याण्णव हजार रुपये राहील."

पूर्वीच्या एक लाख बारा हजारांपेक्षाही कमी. शशिकांतरावांनी यादी उघडली आणि बोटानं एकेक ओळ वाचत गेले. सगळ्या हळू वाढणाऱ्या. एकीचाही शेवट लिहिलेला नव्हता. यंत्र आकडा सांगत नव्हतं, पण त्यांना तो वाचता येत होता. पंचवीस वर्षं, कदाचित जास्त. इतका कमी लाभांश पाहून इतका आनंद झालेला माणूस त्या दिवशी अख्ख्या बाजारात नसेल. त्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत बसले.

पद्मजाबाई बाहेर जायची साडी नेसून, हातात दवाखान्याची फाइल घेऊन उभ्या होत्या. फाइलवर या वेळी नाव शशिकांतरावांचं होतं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या खात्यात काट्याला थोडी चूक माफ असते ना?"

"असते. मान्य चूक म्हणतात तिला."

"किती?"

"काट्यावर असतं," शशिकांतराव म्हणाले. इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे ते जरा सावरून बसले. "नव्या काट्याला शिक्का मारताना जेवढी चालते, वापरातल्या काट्याला तिच्या दुप्पट चालते."

पद्मजाबाईंनी मनाशी काहीतरी जमवलं. फाइल काखेत धरून त्यांनी नवऱ्यापुढे हात केला.

"मग तुम्हाला दुप्पट धरते मी," त्या म्हणाल्या. "उठा, सावकाश उठा. दहाचा नंबर आहे."

शशिकांतराव तिच्या हाताला धरून उठले. जिन्याच्या मधल्या पायरीवर ते थांबले, आणि पहिल्यांदाच कुठली पाटी न वाचता म्हणाले, "जरा बसू का?"

पद्मजाबाई त्यांच्याशेजारी बसल्या.